पुढारी नसलेली संघटना

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. ती सुरू करणारे शेअरबाजारात काम केलेले बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ, दोघेही दारूने पोळलेले. दारू सोडण्यासाठीच्या एएच्या बारा पायऱ्या अनेकांनी ऐकलेल्या असतात. पण माझ्या मते संघटना टिकली ती १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारलेल्या बारा परंपरांमुळे. पहिलीच परंपरा एकीची: सर्वांचं हित आधी, कारण गट फुटला तर एकेकट्याचं सावरणंही धोक्यात येतं. पदाधिकारी सेवक असतात, हुकूम सोडणारे नव्हेत. सभेत पैशांसाठी पिशवी फिरते, पण बाहेरच्यांची देणगी कितीही मोठी असली तरी घेत नाहीत. पंधरा वर्षं दारूला न शिवलेला आणि काल रात्रीच प्यालेला, दोघंही ओळख सारखीच करून देतात: नुसतं पहिलं नाव आणि ‘मी मद्यपी आहे’. महाराष्ट्रातल्या मराठी सभांतही हेच.

कुणी मोठा नाही, हे बिल यांनी स्वतःही पाळलं. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने बिल यांना मानद पदवी देऊ केली. पूर्ण नावाऐवजी नुसती आद्याक्षरं वापरायचीही विद्यापीठाची तयारी होती. बिल यांनी आभार मानून पदवी नाकारली.