क्रीडोत्सवासाठी सजणारे शहर आणि तरुण निरीक्षक

एखाद्या नगरात आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरावयाची ठरली म्हणजे तेथे दोन प्रकारची तयारी एकाच वेळी सुरू होते. क्रीडांगणे, तरणतलाव, खेळाडूंची निवासस्थाने, रस्ते आणि पूल ही पहिल्या प्रकारची तयारी होय. तिची नोंद शासकीय कागदपत्रांत होते व तिच्या खर्चाची चर्चा वृत्तपत्रांत चालते. दुसऱ्या प्रकारची तयारी अहवालांत क्वचितच उतरते. दर्शनी भिंती रंगविल्या जातात, पदपथावरील हातगाड्या दूर हलविल्या जातात, नेहमीची वाट काही महिने बंद होते, आणि कामाच्या जागी परमुलखातून आलेल्या मजुरांच्या झोपड्या उभ्या राहून स्पर्धेच्या आधीच नाहीशा होतात. ही दुसरी तयारी सर्वांत जवळून पाहणारा वर्ग म्हणजे त्या नगरातील विद्यार्थी होय. तो पायी, सायकलीने वा बसने फिरतो. त्याला वाट बदलावी लागली तर ती कोणासाठी बदलली हा प्रश्न त्याच्या मनात प्रथम उभा राहतो. त्याचे हे पाहणे समाजशास्त्रीय अभ्यासाचे साधन होऊ शकेल काय, आणि होण्यास काय करावे लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय वरवर पाहता दूरचा वाटेल. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या या जिल्ह्याच्या मुख्य गावी अद्याप रेल्वेही नाही. मुंबई–नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा खालच्या अंगाने जातो. तेथे आंतरराष्ट्रीय क्रीडोत्सव भरण्याचा प्रश्न आज तरी उद्भवत नाही. परंतु चिखली, मेहकर, खामगाव येथून उच्च शिक्षणासाठी वा स्पर्धापरीक्षांसाठी पुण्यास जाऊन, खोली घेऊन राहणारे आणि खाणावळीत जेवणारे विद्यार्थी थोडे नाहीत. नगरात जन्मलेल्यास नगराचे बदल सवयीने दिसेनासे होतात. बाहेरून आलेल्याजवळ मात्र तुलनेसाठी आपले गाव नेहमी हाताशी असते. आपल्या तालुक्याच्या मैदानावर धावपट्टीच्या रेघा फक्कीने ओढल्या जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला कृत्रिम धावपट्टी पाहून नुसते कौतुक वाटत नाही, हिशेबही सुचतो.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पुण्याचे आहे. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात तेथे तिसरी राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाली. पहिली २००० साली एडिंबरो येथे व दुसरी २००४ साली ऑस्ट्रेलियातील बेंडिगो येथे झाली होती. पुण्यास ७१ देशांचे सुमारे बाराशे खेळाडू आले. सर्व अठरा वर्षांच्या आतबाहेरचे. म्हणजे खेळणारे आणि त्यांना पाहणारे महाविद्यालयीन तरुण जवळजवळ एकाच वयाचे होते, ही गोष्ट या स्पर्धेस इतर स्पर्धांहून वेगळी करते. मैदानी खेळ, बॅडमिंटन, मुष्टियुद्ध, नेमबाजी, पोहणे, टेबल टेनिस, टेनिस, भारोत्तोलन आणि कुस्ती असे नऊ खेळ होते. 'जिगर' नावाचा वाघाचा बछडा हे शुभचिन्ह होते. भारताने ३३ सुवर्णपदकांसह पहिले स्थान मिळविले. दिल्लीत २०१० साली व्हावयाच्या राष्ट्रकुल स्पर्धेची ही रंगीत तालीम आहे असे त्या वेळी म्हटले जाई. पाहुण्यांच्या दृष्टीने ते खरे असेल. ज्यांच्या शहरात तालीम चालली होती त्यांच्या दृष्टीने तोच मुख्य प्रयोग होता.

स्पर्धेचे केंद्र बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल हे होते. ते २००८ साठी बांधलेले नव्हे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी म्हाळुंगे–बालेवाडीच्या शिवारात ते उभे राहिले, आणि बालेवाडी गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले ते त्यानंतर, १९९७ साली. क्रीडांगण आधी आणि शहर मागाहून, असा हा क्रम आहे. जमिनीचे भाव, वस्तीची दिशा, रस्त्यांची रुंदी या सर्वांवर अशा एका संकुलाचा परिणाम कसा होतो हे तपासण्यास यासारखे दुसरे स्थळ महाराष्ट्रात सापडणे कठीण. पण १९९४ पूर्वीचे शिवार कसे होते, कोणत्या विहिरीवर कोणती पिके होती, कोणाची जमीन किती गेली, हे गावातील वृद्धांच्या स्मरणावाचून आज कळावयास मार्ग फारसा उरलेला नाही. पुढील उपयोगाची नोंद मात्र सहज मिळते. युवा स्पर्धा संपताच त्याच महिन्याच्या अखेरीस पुण्यात जागतिक कुमार बॅडमिंटन स्पर्धा सुरू झाली आणि सायना नेहवाल हिने तेथे विजेतेपद मिळविले. २०१८ पासून काही वर्षे व्यावसायिक टेनिसची महाराष्ट्र खुली स्पर्धा बालेवाडीस होत असे. २०१९ च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. तेव्हा हे संकुल ओस पडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. सामान्य शाळेतील मुलास त्या धावपट्टीवर आठवड्यातून किती वेळ पाऊल ठेवता येते, हा प्रश्न मात्र मोठ्या स्पर्धांच्या यादीने सुटत नाही.

रस्त्यांची कथा निराळी आहे. शहराच्या मध्यभागाकडून बालेवाडीस जाणारी एक मुख्य वाट पुणे विद्यापीठाच्या चौकातून जाते. त्यामुळे विद्यापीठाच्या फाटकाशी उभा असलेला विद्यार्थी आपोआपच निरीक्षणाच्या ठाण्यावर उभा होता. स्पर्धेच्या अगोदरच्या वर्षांत त्या चौकात उड्डाणपूल उभारण्यात आला. तोच पूल २०२० साली, मेट्रो व नव्या दुमजली पुलाची आखणी झाल्यावर, पाडण्यात आला. दीड दशकाच्या आत एका चौकाने पुलाचे बांधणे आणि पाडणे दोन्ही पाहिले. ज्या विद्यार्थ्याने बांधणे पाहिले तो पाडणे पाहण्यास तेथे नव्हता, कारण विद्यार्थ्यांची पिढी तीन-चार वर्षांनी बदलते. तरुण निरीक्षकाची मोठी उणीव हीच होय: त्याचे डोळे तीक्ष्ण असतात, पण मुक्काम अल्प असतो. ही उणीव एकट्या विद्यार्थ्याने भरून निघणार नाही. त्याची वही विभागाने जपून ठेवावी व पुढील वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, तरच ती निघेल.

वहीतील साध्या नोंदींस किती वजन येऊ शकते हे दाखविणारे उदाहरण दिल्लीचे आहे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे नववी आशियाई क्रीडास्पर्धा भरली. तिच्यासाठी क्रीडांगणे व उड्डाणपूल यांची कामे घाईने चालली होती. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेने तीन समाजशास्त्रज्ञांना कामाच्या जागी पाठविले. त्यांच्या अहवालावर आधारलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींकडे गेले आणि न्यायालयाने ते याचिका म्हणून स्वीकारले. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. मजूर पुरविणारे जमादार मजुरामागे रोज एक रुपया दलाली कापीत व मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. स्त्रियांस ७ रुपयेच मिळत, आणि चौदा वर्षांखालील मुलेही कामावर असल्याचे त्यात नमूद होते. सप्टेंबर १९८२ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करून घेतलेले श्रम ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध मानलेली वेठबिगारीच होय. लोकहितयाचिकेच्या इतिहासात या निर्णयास मोठे स्थान आहे. त्याच्या मुळाशी काय होते? कामावर जाऊन मजुराला 'आज हाती किती पडले?' असे विचारणे आणि उत्तर रुपये-पैशांत लिहून घेणे. यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. पदवीच्या वर्गातील विद्यार्थीही हे करू शकतो, फक्त त्याने काम चालू असताना जावयास हवे. दीपोत्सव पाहून परतणाऱ्यास हा एक रुपया कधीच दिसणार नाही.

त्याच दिल्लीत २०१० साली तयारीचा भार प्रत्यक्ष विद्यार्थ्यांवर आला. पाहुण्यांच्या निवासासाठी दिल्ली विद्यापीठाची काही वसतिगृहे रिकामी करविण्यात आली व बाहेर खोल्या शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. बाहेरगावच्या विद्यार्थ्यासाठी वसतिगृह म्हणजे शिक्षणाचा अर्धा आधार. हे मेहकरच्या पालकास निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता निरीक्षणाच्या रीतीविषयी. स्पर्धा चालू असता सर्वच जण पाहतात आणि स्पर्धेनंतर हिशेब मागणारेही पुष्कळ निघतात. दुर्मिळ असते ती स्पर्धेपूर्वीची नोंद. पदपथावर किती विक्रेते बसत, बस किती वेळाने येई, मैदान कोणत्या वेळी कोणास खुले असे, खोलीचे भाडे किती होते, या गोष्टी बदल होण्यापूर्वी लिहून ठेवल्या नाहीत तर पुढे लाभ व हानी दोन्ही अंदाजानेच सांगाव्या लागतात. स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांस पडद्यामागचे पुष्कळ दिसते; पण गणवेश अंगावर असताना टीकेची वही उघडणे अवघड जाते, हेही लक्षात घ्यावे. स्वयंसेवक आणि निरीक्षक ही कामे शक्यतो दोघांनी वाटून घ्यावी.

आपल्या जिल्ह्याकडे वळून पाहिले तर या हिशेबाची दुसरी बाजू दिसते. बुलढाण्याचा प्रथमेश जवकार याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक धनुर्विद्या स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसर यास १४९ विरुद्ध १४८ असे हरविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा व नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासह त्याने सांघिक सुवर्णपदक मिळविले. कंपाउंड धनुष्याच्या या प्रकारात पन्नास मीटरांवरील लक्ष्यावर पंधरा बाण सोडावयाचे असतात व प्रत्येकास अधिकाधिक दहा गुण असतात. अर्थात दीडशेपैकी एका गुणाने तो सामना ठरला. धनुष्य-बाण महाग असतात यात शंका नाही. परंतु जागा म्हणाल तर पन्नास मीटरांहून थोडे लांब, मागे सुरक्षित आडोसा असलेले सपाट मैदान एवढीच मुख्य गरज. पुण्याच्या २००८ मधील नऊ खेळांत धनुर्विद्या नव्हती. म्हणजे शहरात जे उभे राहते आणि जिल्ह्यात जे लागते ते एकच असेल असे नाही. बुलढाण्याच्या विद्यार्थ्याने पुण्याच्या संकुलाची नोंद करताना सोबत आपल्या तालुक्यातील मैदानांचीही मोजणी करावी, असे आम्हांस वाटते ते यासाठीच.

या कामास आज एक निकडीचे निमित्तही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्यात आली. अहमदाबाद व वडोदरा येथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि विदर्भातील विद्यार्थीही तिकडे शिक्षणासाठी जातात. ज्यांचे कोणी नातलग वा स्नेही तेथे असतील अशा विद्यार्थ्यांनी एक रस्ता, एक मैदान व एक मजूरवस्ती निवडून आजची स्थिती तारखेसह लिहून काढावी, आणि दर सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा जावे. नकाशा हाताने काढलेला चालेल. रोजाचे दर मात्र मजुराच्या तोंडून घेतलेले असावेत.