ब्रेकमधील गंजून बसलेले आटे : कारणे आणि सोडविण्याच्या रीती

जुन्या मोटारगाडीच्या ब्रेकचे नूतनीकरण करताना जो भाग सर्वांत लहान असतो, तोच पुष्कळदा सर्वांत अधिक वेळ घेतो. चाकाच्या सिलिंडरवरील ब्लीडर निपल आणि ब्रेकच्या नळीचा नट हे दोन भाग आट्यांत गंजून इतके घट्ट बसतात की, साधा पाना लावताच त्यांचे कोपरे तरी झिजतात किंवा माथा तरी तुटून हातात येतो. मुंबई व कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत वावरलेल्या गाड्यांमध्ये ही अडचण विशेष आढळते. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून प्रीमियर पद्मिनी २०२३ मध्ये बाहेर पडली, ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु हौशी मालकांनी जपलेल्या अशा गाड्या दुरुस्तीस येतातच, आणि त्यांच्या चाकांतील निपल कित्येक वर्षांत उघडलेले नसते.

ते न उघडल्याने काय बिघडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. गॅरेजमध्ये ज्यास सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात ते वस्तुतः तेल नव्हेच. ते ग्लायकॉल ईथर वर्गातील द्रव्यांचे मिश्रण असून हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. डॉट ३ या प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की प्रमाणाची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. लांब घाट उतरताना ड्रम तापतात, सिलिंडरमधील द्रव उकळतो, आणि द्रवाच्या जागी दाबली जाणारी वाफ आल्याने पेडल तळापर्यंत जाते. एखादे निपल सुटत नाही म्हणून ‘तेवढे एक चाक राहू द्या’ असे म्हणणारा मिस्त्री हा धोका त्या चाकात तसाच ठेवून देत असतो.

निपल गंजते कसे, हे त्याच्या रचनेवरून कळते. द्रव अडविण्याचे काम आटे करीत नाहीत. निपलच्या टोकाचा शंकू सिलिंडरमधील बैठकीवर दाबला जाऊन ते काम करतो. म्हणून बंद स्थितीत आटे कोरडेच असतात आणि त्यांना ब्रेकच्या द्रवाचे संरक्षण मिळत नाही. बाहेरून चिखलपाणी येतेच. शिवाय माथ्यावरील रबरी टोपी हरवली असेल, तर पाणी निपलच्या पोकळीतून खाली उतरते आणि शंकूच्या वरच असलेल्या आडव्या छिद्रावाटे आट्यांच्या तळाशी पोचते. अशा रीतीने गंज दोन्ही टोकांकडून वाढतो. लोखंडाच्या गंजाचे आकारमान मूळ धातूच्या दुप्पट ते सहापटीपर्यंत असू शकते. आट्यांमधील सूक्ष्म फट त्याने भरून जाते आणि पाचर मारल्याप्रमाणे दाब निर्माण होतो. सिलिंडर ॲल्युमिनियमचा असेल, तर दोन भिन्न धातूंमधील विद्युत्-रासायनिक क्रियेची त्यात भर पडते.

यावर अंगबळ हा उपाय नव्हे. पीळ सहन करण्याचे सामर्थ्य व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते; १० मिलिमीटर व्यासाच्या तुलनेत ७ मिलिमीटरच्या निपलला जेमतेम एक-तृतीयांश पीळ सोसतो. त्यातून ते पोकळ आणि गंजाने पातळ झालेले. लांब दांड्याचा पाना म्हणजे येथे तुटण्याचेच निमंत्रण होय. बारा कोनी रिंग पान्यापेक्षा सहा कोनी सॉकेट चांगला, कारण तो कोपऱ्यांऐवजी बाजूंवर जोर देतो.

प्रथम तारेच्या ब्रशाने आटे उघडे करून त्यांवर पातळ भेदक तेल सोडावे व रात्रभर मुरू द्यावे. केशाकर्षणाने तेल फटीत ओढले जाते. मात्र त्यास वेळ लागतो, आणि बहुतेक अपयशे या ठिकाणच्या घाईतूनच येतात. दुसऱ्या दिवशी निपलच्या पोकळीत चपखल बसणारी ड्रिलची दांडी घालून माथ्यावर हलके ठोके द्यावेत. दांडीमुळे पोकळी चेपत नाही आणि ठोक्यांनी गंजाचा थर भेगाळतो. नंतर पाना प्रथम आवळण्याच्या दिशेने किंचित फिरवावा, मग उलट. आणि थोडे थोडे मागेपुढे करीत, मधून तेल देत, निपल बाहेर आणावे.

एवढ्याने भागले नाही तर उष्णतेचा आश्रय घ्यावा लागतो. येथे धातूंचा भेद महत्त्वाचा ठरतो. एक अंश तापमानवाढीस पोलाद दर दशलक्ष भागांस सुमारे १२ भाग प्रसरण पावते, तर ॲल्युमिनियम सुमारे २३. म्हणून १० मिलिमीटरच्या जोडात तापमान १५० अंशांनी वाढले, तर दोन्ही भाग सारखेच तापूनही सुमारे ०.०१६ मिलिमीटर मोकळीक मिळते. बिडाचे प्रसरण मात्र पोलादाहून किंचित कमीच असते. तेथे सर्व भाग सारखा तापविण्यात काही लाभ नाही. सिलिंडरचा निपलभोवतीचा भाग झपाट्याने तापवून निपल त्या मानाने थंड राहील असे पाहावे, किंवा निपलच तापवून निवू द्यावे, म्हणजे फुगताना ते गंज चिरडते व निवताना आकसते. गरम आट्यांना मेणबत्ती टेकविल्यास वितळलेले मेण आत ओढले जाते. ही जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. ज्योत वापरण्यापूर्वी सिलिंडर गाडीवरून उतरवून, द्रव व रबरी भाग काढून टाकणे अवश्य आहे, कारण हा द्रव ज्वालाग्राही आहे. क्लोरीनयुक्त द्रावकाने धुतलेला भाग तर मुळीच तापवू नये. त्यातून विषारी फॉस्जीन वायू निघू शकतो. जुन्या अस्तरांची धूळही फुंकून उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, कारण तीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो.

नळीच्या नटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. गंजामुळे नट नळीलाच धरून बसतो आणि फिरविताना पोलादी नळी पिळली जाते. तसे दिसताच नळी वाचविण्याचा मोह सोडून ती नटाजवळ कापावी व नटावर सहा कोनी सॉकेट पूर्ण बसवावा. इतकी गंजलेली नळी नाही तरी बदलावयाचीच असते.

निपल आतच तुटले, तर उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर जपून वापरावा. तो अतिकठीण, म्हणून ठिसूळ असतो, आणि आत तुटल्यास त्याला ड्रिलही लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या सिलिंडरसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा नवा बसविणे शहाणपणाचे. दुर्मिळ गाडीचा भाग असेल तरच तो यंत्रशाळेत नेऊन भोक केंद्रात पाडावे व नवे आटे मारावेत. सिलिंडरच्या आतील भिंतीवर गंजाचे खड्डे असतील, तर निपल सुखरूप निघूनही तो सिलिंडर बाद समजावा.

खनिज तेल, रॉकेल वा पेट्रोल यांचा अंशही द्रवमार्गात राहता कामा नये. या ब्रेकचे रबर ग्लायकॉलला टिकते, परंतु खनिज तेलाने फुगते, आणि चार-दोन आठवड्यांत ब्रेक धरून बसतात. ‘ऑइल’ या नावाने केलेला घोटाळा येथे भोवतो. म्हणून जोडणीपूर्वी सर्व भाग स्पिरिटने धुऊन कोरडे करावेत. नवे निपल बसविताना गंजरोधक लेप केवळ आट्यांना, शंकूला न लागू देता, अगदी पातळ लावावा. बेताने आवळावे, रबरी टोपी चढवावी, आणि दर दोन वर्षांनी द्रव बदलताना चारही निपले उघडावीत.