पाणी भरायचं, पाणी सोडायचं

कॅम्परव्हॅनच्या फोटोत नेहमी तळं असतं, मागे बर्फाचं शिखर असतं आणि उघड्या दारात वाफाळता कप घेऊन कुणीतरी बसलेलं असतं. त्याच व्हॅनच्या दुसऱ्या अंगाला, चाकाच्या जरा वर, कुलूप असलेली एक झडप असते. तिच्या आत संडासाची टाकी असते, तिला तिथे कॅसेट म्हणतात. एप्रिलमध्ये, म्हणजे तिकडच्या शरद ऋतूत, आम्ही दोघं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर व्हॅन घेऊन फिरलो. तळी आणि शिखरं पोटभर पाहिली. पण मला लिहावंसं वाटतंय ते या झडपेच्या बाजूचं, कारण तळ्याकाठची जागा मिळते ती या झडपेच्या जोरावर.

ख्राइस्टचर्चला गाडी ताब्यात देताना तिथल्या मुलीने पहिल्यांदा दाखवलं ते समोरच्या काचेतलं हिरवं कार्ड. ही गाडी आपली घाण आपल्या पोटात सांभाळू शकते, असा तो दाखला. उघड्यावर मुक्काम करण्याबद्दलचा तिथला कायदा 2011चा. 2023मध्ये तो बराच कडक झाला. आता संडास गाडीत पक्का बसवलेला लागतो आणि बिछाना घातलेला असतानाही तो वापरता यायला हवा. माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचं पाणी भरून ठेवता आलं पाहिजे, सांडपाणी साठवायला टाकी पाहिजे, झाकणाचा कचऱ्याचा डबा पाहिजे. हे कार्ड नसेल तर कित्येक तळ्यांच्या काठी रात्र काढता येत नाही, आणि काढलीच तर दंड होतो.

चार लिटर! आपल्याकडे शहराच्या पाणीपुरवठ्याची आखणी माणशी 135 लिटर धरून करतात. आमची टाकी कायद्याच्या किमान मापाहून बरीच मोठी होती, तरी ओट्यावरच्या चार बारीक दिव्यांकडे दिवसातून कितीदा नजर जायची. टाकी भरलेली असली की चारही लागायचे, मग एकेक कमी होत जायचा. नळ उघडला की पायाखाली पंप घरघरतो, त्यामुळे एकाने पाणी वापरलं की दुसऱ्याला कळतंच. दोन दिवसांत दोघांचेही हात बदलले. ताट आधी कागदाने पुसून काढायचं, मग ओल्या फडक्याने, आणि शेवटी वाटीभर पाण्यात विसळायचं. तेलकट पाणी आणि खरकटं मोरीत जाऊ द्यायचं नाही, कारण ते खालच्या टाकीत साठतं आणि हीटर लावला की त्याचा वास वर येतो. मला हे शिकावं लागलं नाही. टँकरच्या गावात लहानपण काढलेल्या कुणालाही ते शिकावं लागणार नाही.

दर दोन-तीन दिवसांनी डंप स्टेशन. जवळपास प्रत्येक गावात एखादं असतंच. काँक्रीटचा उतार, मध्ये जाळीचं तोंड, बाजूला एक नळ आणि ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी. गाडी अशी लावायची की तिची सांडपाण्याची तोटी बरोबर त्या तोंडाशी यावी. मी मागे उभी राहून हाताने खुणा करायची आणि हे आरशात बघत इंचाइंचाने मागे यायचे. मग जाड नळी जोडून तोटी उघडायची. राखाडी, फेसाळ पाणी निघून जातं.

कॅसेटचं काम ह्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःकडे घेतलं. हातमोजे घालायचे, झडपेचं कुलूप काढायचं, खटका दाबून कॅसेट बाहेर ओढायची. भरलेली कॅसेट जड असते, पण तिला चाकं आणि दांडा असतो. ओतताना तोंडाजवळचं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. तसं केलं की धार एकसारखी पडते, नाहीतर गचके बसून उडतं. दोन-तीनदा विसळायचं, जिरवण्याचं निळं औषध आणि थोडं पाणी घालायचं, आणि पुन्हा आत सरकवायचं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा आणि जरा लांब असतो. त्याची नळीसुद्धा वेगळ्या पिशवीत, वेगळ्या कप्प्यात. ते खातं माझं. या दोन नळ्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत, याबाबत आम्ही दोघंही सारखेच कडक होतो.

तिथे रांगेत उभी असलेली माणसं फार मोकळेपणाने बोलतात. टिमारूकडचं एक निवृत्त जोडपं भेटलं. घर भाड्याने देऊन वर्षाचे कित्येक महिने ते गाडीतच राहतात. त्या आजोबांनी ह्यांना कॅसेटच्या रबराला लावायचं तेल कुठलं चांगलं ते सांगितलं, आणि आजींनी मला पुढच्या तीन मुक्कामांपैकी पाणी कुठलं गोड ते. त्या देशात मोटार-कॅरव्हॅनवाल्यांची संघटना 1956पासून आहे. या बारीकसारीक शहाणपणाला तिथे दोन-तीन पिढ्यांचा वापर आहे, आणि ते पाहुण्यालाही हातचं न राखता देतात.

मॅकेंझी खोऱ्यात शिरल्यावर पाण्यापेक्षा थंडीचा हिशेब मोठा झाला. टेकापो, पुकाकी ही हिमनद्यांची तळी. हिमनदीने खडक दळून केलेलं पीठ पाण्यात तरंगत राहतं, म्हणून त्यांचा रंग तसा दुधाळ निळा. आओराकी, म्हणजेच माउंट कुक, 3,724 मीटर. त्याच्या पायथ्याला व्हाइट हॉर्स हिल नावाचा सरकारी तळ आहे. तिथे विजेची जोडणी नाही. सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात बाहेर तोंडाची वाफ दिसायला लागते.

गाडीत दोन बॅटऱ्या. एक इंजिनची, तिला हात लावायचा नाही. दुसरी घराची. दिवसा गाडी चालते तेव्हा ती भरते, रात्री तिच्यावर फ्रिज, दिवे, पंप आणि हीटरचा पंखा. घराची बॅटरी 100 अँपिअर-तासांची, 12 व्होल्टची, म्हणजे कागदावर 1,200 वॅट-तास. साधी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, त्यामुळे हाताशी खरे 600. घरची विजेची किटली दोन हजार वॅटची असते, ती यावर वीस मिनिटंही धड चालायची नाही. म्हणून चहा गॅसवर. हीटर गाडीच्याच डिझेलवर चालतो. बाहेरची हवा घेऊन डिझेल जाळतो, धूर बाहेर सोडतो आणि आत फक्त गरम हवा ढकलतो. डिझेल थोडंच लागतं. वीज मात्र पेटतानाच जास्त खातो, म्हणून सारखा चालू-बंद करण्यापेक्षा मंद ठेवलेला बरा.

आणि खिडकी बोटभर उघडी. एवढ्या थंडीत हे पटायला कठीण, पण दोघांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरभर पाणी हवेत जातं, आणि ते थंड काचेवर, पत्र्यावर, गादीच्या खालच्या अंगाला बसतं. सकाळी उठल्यावर पहिलं काम काचा पुसण्याचं. फडकं पिळलं की खरंच पाणी निघायचं. स्वयंपाकाची वाफ त्यात भर घालते. इथे छोट्या कुकरने फार साथ दिली. खिचडीला तीन शिट्ट्या, मग गॅस बंद करून कुकर टॉवेलात गुंडाळून ठेवायचा. गॅसही वाचतो, वाफही आत राहते. तांदूळ, मूगडाळ, मोहरी, हिंग हे सगळं ख्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानात मिळालं. घरून नेलेले मसाल्याचे डबे विमानतळावर फॉर्मवर लिहून दाखवले होते. खाण्याची वस्तू न सांगता आणली तर तिथे जागेवर 400 डॉलर दंड आहे. शेतीवर जगणाऱ्या बेटाने एवढी काळजी घेतलीच पाहिजे. फोडणी मात्र आम्ही तळावरच्या निवाऱ्यात जाऊन करायचो. गाडीत केली तर पांघरुणाला चार दिवस हिंगाचा वास. व्हाइट हॉर्स हिलच्या तळावर काढलेल्या रात्री माउंट सेफ्टन या शेजारच्या शिखरावरून बर्फ कोसळल्याचा आवाज दोनदा आला.

निघताना रोज एक यादी मोठ्याने म्हणायची. मी विचारायची, हे उत्तर द्यायचे.

“अहो, गॅसचा कॉक?”

“बंद.”

“छताची खिडकी?”

“बंद. तू फ्रिजची कडी बघितलीस का गं?”

“बघितली. पायरी?”

“आत.”

घरात तीस वर्षं काढून आम्ही एकमेकांना इतकं नेमकं कधी विचारलं नव्हतं, आणि मला ते फार आवडलं. गाडी आम्ही आळीपाळीने चालवली. रस्ता आपल्यासारखाच डावीकडून. एकेरी पुलाशी मात्र डोळे उघडे हवेत. आपल्या दिशेचा बाण छोटा आणि तांबडा असेल तर थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं. आणि सगळे थांबतात.

लिंडिस खिंड 971 मीटरवर, पिवळ्या गवताची. तिथे आम्ही थांबलो नाही, पलीकडे वारा फार होता.

मिलफर्डचा रस्ता हा या सगळ्या शिस्तीची खरी परीक्षा. ते आनाऊ हे शेवटचं गाव, पुढे सुमारे 120 किलोमीटर दुकान नाही आणि फोनला रेंजही बहुतेक ठिकाणी नाही. तिथेच डिझेल भरलं, पाणी भरलं, कॅसेट रिकामी केली. मिलफर्डला उघड्यावर मुक्काम करता येत नाही, म्हणून वाटेतल्या कॅस्केड क्रीकच्या तळावर राहिलो. वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. आंबोलीची आठवण येण्याइतका तो पत्र्यावर वाजत होता. त्याच्याखाली, आत, आमचे चारपैकी दोन दिवे लागलेले.

सकाळी होमर बोगद्याच्या सिग्नलला थांबलो. हा बोगदा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर लांब. मंदीच्या काळात, 1935 साली, बेरोजगारांच्या हातात कुदळ-फावडी देऊन काम सुरू झालं, आणि रस्ता खुला व्हायला 1954 उजाडलं. तिथे किआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट गाड्यांवर उतरतात आणि वायपरचं रबर ओढतात. त्यांना खायला देऊ नका अशी पाटी आहे. आम्ही काचा वर करून बसून राहिलो. हिरवा दिवा लागला तसे पोपट उडाले.

खाली फ्योर्डच्या काठी उतरल्यावर वाळूमाश्यांनी घेरलं. माओरी कथेत मृत्युदेवता हिनेनुइतेपोने त्या मुद्दाम सोडल्या, एवढ्या सुंदर जागी माणसांनी कायमचं ठाण मांडू नये म्हणून. बोट येईपर्यंत अर्धा तास होता. ह्यांनी बसल्या बसल्या हिशेब केला. पाणी परवा सकाळपर्यंत पुरेल, कॅसेटला उद्या दुपारची मुदत. परतताना ते आनाऊला आधी डंप स्टेशन, मग वाणसामान, असं ठरवून आम्ही धक्क्याकडे निघालो.