पाठीवरचे ओझे आणि घामाचा हिशेब

लांब पायी चालण्याचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यातील माणसाला प्रथम शेगावची पालखी आठवते. ज्येष्ठात ती निघते आणि अकोला, परभणी, परळी, अंबाजोगाई, सोलापूर, मंगळवेढा असे करीत महिनाभराने पंढरपूर गाठते. हा काळ चालणाऱ्याला मोठा फसवा. वैशाखात खामगाव-मलकापुरास पारा ४३-४४ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. मृगाच्या सरी पडल्या की पारा उतरतो, आणि तरीही जीव अधिक कासावीस होतो. असे का व्हावे?

चालताना आपले शरीर खर्चलेल्या शक्तीपैकी जेमतेम चौथा हिस्सा कामास लावते; बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन घाम. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ‘सुकला तर’ हे शब्द ध्यानात ठेवा. दमट हवेत घाम सुकत नाही, निथळतो. पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मागेच राहते. म्हणून या दिवसांत जादा किलो दुहेरी छळतो. तो वाहण्यात उष्णता वाढते, आणि पाठीला चिकटलेली पिशवी घाम सुकण्याची जागाच झाकते. काठीला गाठोडे अडकवून चालणाऱ्या जुन्या माणसाची पाठ मोकळी राही, हे त्याचे शहाणपण.

मग काय घ्यावे? कपडे दोन जोड पुरेत, एक अंगावर, एक धुतलेला. कापड पातळ हवे, कारण जाड सुती कापड दमट रात्री वाळत नाही आणि सकाळी ओलेच, म्हणजे जड, उचलावे लागते. पंचा एकच, पण तो टॉवेल, फेटा, उशी आणि गाळणे अशी चार कामे करतो. घोंगडी पाऊस झेलते खरी, पण भिजली की खांदा मोडते. प्लॅस्टिकचा कागद बरा. मांड्या घासतात त्यासाठी खोबरेल तेलाची लहान बाटली. नव्या वहाणा घालून निघणाऱ्याविषयी मी काही बोलत नाही, त्याचे पाय बोलतील!

पाण्यात मात्र काटकसर करू नये. लिटरला किलो वजन, हे खरे. पण ते ओझे दर कोसाला घटते. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ याहून जास्त घालू नये.

ओझ्याचा विचार आम्ही कामगार चळवळीतील माणसे वेगळ्या वाटेने शिकलो. बाजार समितीत क्विंटलचे पोते पाठीवर घेणारे हमाल मी पाहिले आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने उचलण्याच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचविली. त्या वर्षीच्या कराराला भारताची मान्यता मिळण्यास २०१० साल उजाडले. वारकऱ्याची पिशवी हलकी राहते, कारण दिंडीचे जड सामान ट्रकमधून जाते. ते चढविणारे-उतरविणारे हातही मोजावेत.

आणि मे २०२० आठवा. टाळेबंदीत मलकापूर, नांदुरा, खामगाव ओलांडून महामार्गाने मजूर पायी गेले. पाठीवर पिशवी, डोक्यावर बोचके, कडेवर मूल. त्या उन्हात इतके ओझे कशाला, असे काहींनी विचारले. शहरातली खोली सुटलेली. मागे ठेवायचे कोठे? ओझे कमी करण्याची मुभा, ज्याचे घर जागेवर आहे त्यालाच असते.

आपले घर जागेवर आहे. तेव्हा निघण्याच्या आठ दिवस आधी पिशवी भरा, ओळखीच्या किराणा दुकानातील काट्यावर ठेवा, आणि ती घेऊन एका सकाळी दोन कोस चालून या. परत आल्यावर जे उघडलेच नाही ते बाहेर काढा. औषधे तेवढी राहू द्या.