दरड आणि काचेचा धागा

आंबेनळी घाटात दरड आली की रस्त्याबरोबर कडेची ऑप्टिकल फायबर केबलही जाते. पोलादपूरच्या बाजूला उतरताना अशाच एका तुटलेल्या जागी शिराळ्याकडचा एक जॉइंटर कामाला बसला होता. पलीकडे जेसीबी राडारोडा लोटत होता, आणि हा छत्रीखाली केबलची जेली पुसून एकेक धागा सोलत होता. आवरण उतरल्यावर उरते ती १२५ मायक्रॉन जाडीची काच. ती स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरवर सरळ कापायची, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. बारीक ठिणगी पडते आणि काच काचेला जुळते. "दादा, छत्री जरा अलीकडं धरा, स्क्रीनवर थेंब पडत्यात," एवढंच तो बोलला.

मला पाहायचा होता ओटीडीआर. हे यंत्र धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडतं आणि काचेतून ठिकठिकाणी मागे फिरलेला अंधूक प्रकाश टिपतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. पडद्यावरची उतरती रेघ जिथे एकदम तळाला जाते, तिथे केबल तुटलेली. म्हणजे दरडीची जागा केबल सांगतेच, पण स्वतः तुटल्यावर.

ती आधीही सांगू शकते. जमीन हादरली की पुरलेला धागा किंचित ताणला जातो आणि परतणारा प्रकाश बदलतो. सेकंदाला शेकडो ठोके सोडून हा बदल मोजला, की अख्खी केबल कंपनं टिपू लागते. स्वित्झर्लंडमध्ये, दावोसजवळच्या फ्लुएला घाटात, झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी रस्त्याकडेच्या दूरसंचार केबलवरच हिमस्खलनं ओळखली. आलेखात धावती गाडी तिरकी रेघ काढत जाते. हिमस्खलन आलं की रस्त्याचा मोठा पट्टा जवळजवळ एकाच वेळी हादरलेला दिसतो.

आपल्याकडे बर्फ नाही, जांभ्यातून मुरणारं पाणी आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे घरांवर डोंगर आला. अशा रात्री घाटातून फोन लागत नाही, आणि वळणापलीकडे रस्ता उरलाय का हे चढणाऱ्या ड्रायव्हरला कळायला मार्ग नसतो. म्हणून ही यंत्रणा सातारच्या घाटांत यावी असं मला मनापासून वाटतं.

मात्र पाइपात सैल पडलेली केबल नीट ऐकत नाही. ती मातीत घट्ट दाबलेली हवी. चराची खोली आणि भराव इथे हलगर्जी चालणार नाही. धबधबे, ओढे, मुसळधार पाऊस यांचाही गोंगाट असतोच. पहिला पावसाळा ओळख पटवण्यातच जाईल: कुठल्या वळणावर किती वाजता दगड आले, हे मैलकामगारांनी वहीत लिहायचं आणि अभियंत्यांनी ते आलेखाशी ताडून पाहायचं.