पावसाळ्यात सुकवण : मशीन घेतलं, पण घाई नको

कोकणात आमच्याकडे आंब्याची साठं मे महिन्यातच अंगणात वाळतात. पाऊस लागला की सगळं बंद. म्हणून आता घरोघरी डिहायड्रेटर यायला लागलाय. जाळीचे ट्रे, एक हीटर, एक पंखा. गरम हवा फिरवून पाणी काढायचं, एवढंच त्याचं काम.

आमची पहिली चूक घाईची. लवकर वाळावेत म्हणून टोमॅटोला जास्त उष्णता दिली. वरून कडक झाले, आतलं पाणी आतच अडकलं. आठ दिवसांत बरणीत बुरशी! अशी बुरशी खरवडून बाकीचं वापरू नका, सगळं फेकून द्या. जीवावर येतं खरं, कारण किलोभर टोमॅटोतून शंभर ग्रॅमही सुकवण उरत नाही.

फळं-भाज्यांना 55 ते 60 अंश सेल्सिअस पुरे. काप पाच-सहा मिलिमीटरचे, सगळे सारखे. गाजर, फरसबी आधी उकळत्या पाण्यातून काढा. सफरचंदाला लिंबाचं पाणी. कांदा फळांसोबत लावू नका, सगळ्याला वास लागतो.

थंड झाल्यावर काचेची बरणी दोन तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून ओल दिसली तर माल पुन्हा मशीनमध्ये.

बकरी ईदचं गोश्त यात सुकवू का, असं बरेच जण विचारतात. भाजीच्या तापमानावर अजिबात नको. मांस आधी 71 अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि बरीच घरगुती मशीनं तेवढी तापतच नाहीत. ते आपलं फ्रीजरमध्येच बरं.