रविवारी नऊला पहारेकरी हजर!

दोस्तांनो, ६ मार्च या तारखेचं विशेष काय, सांगा पाहू? इटलीतला थोर शिल्पकार मायकेलअँजेलो १४७५ साली याच दिवशी जन्मला. पण १९९२ साली जगभरच्या संगणकवाल्यांना या तारखेची चक्क धास्ती वाटत होती. कारण त्याच्याच नावानं ओळखला जाणारा एक व्हायरस फ्लॉपीतून संगणकात आणि संगणकातून फ्लॉपीत फिरत होता. एरवी तो मुकाट्यानं दडून बसायचा. ६ मार्चला संगणक सुरू केला, की मात्र हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर भलतंच काहीतरी लिहून टाकायचा. आतली माहिती गेलीच म्हणून समजा!

पुढे तैवानमधल्या एका विद्यार्थ्यानं ‘सीआयएच’ नावाचा व्हायरस लिहिला. त्यानं २६ एप्रिल १९९९ रोजी धुमाकूळ घातला. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात १९८६ साली याच तारखेला झाला होता, म्हणून लोक त्याला ‘चेर्नोबिल’ म्हणू लागले. हा पठ्ठ्या हार्ड डिस्कवरची माहिती तर बिघडवायचाच, शिवाय काही संगणकांतल्या बायॉस चिपवरही हल्ला करायचा. मग बटण दाबलं तरी संगणक सुरूच होत नसे.

गंमत बघा, चोरांचं वेळापत्रक अगदी काटेकोर! आणि आपलं? ‘बघू कधीतरी’, ‘परीक्षा संपली की करू’. इथंच तर फसगत होते. आजचे व्हायरस बहुधा तारखेची वाटही बघत नाहीत. ते गुपचूप पासवर्ड चोरतात, नाहीतर आपल्या फायली कुलूपबंद करून पैसे मागतात. मग आपल्या पहारेकऱ्यालाही वेळापत्रक नको का?

हा पहारेकरी म्हणजे अँटिव्हायरस. पोलिसांकडे चोरांच्या बोटांचे ठसे असतात ना, तशी त्याच्याकडे व्हायरसच्या खुणांची यादी असते. फायली तपासताना तो त्या खुणा ताडून पाहतो. एखाद्या प्रोग्रॅमची वागणूक संशयास्पद वाटली, तरी त्याला हटकतो. जो सापडेल, त्याला ‘क्वारंटाइन’मध्ये टाकतो. हा शब्द मूळचा इटलीतला. साथीच्या काळात व्हेनिस बंदरात येणाऱ्या जहाजांना चाळीस दिवस दूर उभं ठेवत, त्या ‘चाळीस’वरून तो आला. इथंही तसंच. संशयित फाईल वेगळी कोंडून ठेवायची, म्हणजे ती कुणाला इजा करणार नाही.

तुम्ही म्हणाल, पहारेकरी दारात सतत उभा असतोच की, मग पुन्हा घर कशाला तपासायचं? प्रश्न बरोबर आहे. पण समजा, सोमवारी एक फाईल पेन ड्राइव्हमधून आत आली. त्या दिवशी तिची खूण यादीतच नव्हती, म्हणून ती सटकली. गुरुवारी नवी यादी आली आणि तिच्यात ती खूण होती. आता घरात आधीच शिरलेल्या त्या चोराला धरायचं, तर घर पुन्हा तपासायलाच हवं. म्हणूनच यादी ताजी ठेवायची, म्हणजे अपडेट चालू ठेवायचे, आणि स्कॅनही ठरावीक दिवशी करायचा.

आता प्रत्यक्ष काम! हे आईबाबांना शेजारी बसवूनच करा, बरं का. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. स्टार्ट मेनूमध्ये ‘टास्क शेड्यूलर’ शोधा. डावीकडच्या लायब्ररीत मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात विंडोज डिफेंडर असं एकेक उघडत जा. तिथं ‘विंडोज डिफेंडर शेड्यूल्ड स्कॅन’ दिसेल. त्यावर डबल क्लिक करा. ‘ट्रिगर्स’मध्ये जाऊन ‘न्यू’ दाबा, ‘वीकली’ निवडा आणि वार व वेळ भरा. झालं! घरात दुसरा अँटिव्हायरस असेल, समजा आपल्या पुण्यात तयार झालेला क्विक हील, तर वेळ ठरवायची सोय त्याच्याच सेटिंगमध्ये शोधा.

पण थांबा, वेळ कोणती निवडली? रात्री दोनची? अहो, तेव्हा संगणक बंद असतो! बंद संगणकात पहारेकरीही झोपलेलाच. म्हणून रविवारी सकाळी नऊसारखी वेळ घ्या. संगणक चालू आहे आणि तुम्ही पोह्यांवर ताव मारताय! त्यातून वीज गेली, तर? ‘सेटिंग्ज’मध्ये चुकलेलं काम नंतर लवकरात लवकर करण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करा. लॅपटॉप असेल तर त्या वेळी चार्जरला जोडून ठेवा.

आठवड्याला ‘क्विक’ स्कॅन पुरतो. तो व्हायरस दडण्याच्या नेहमीच्या जागा तपासतो. महिन्यातून एकदा मात्र ‘फुल’ स्कॅन स्वतः सुरू करा. तो एकूण एक फाईल बघतो, त्यामुळे त्याला काही तास लागू शकतात.

एक तोतयाही ओळखून ठेवा. इंटरनेटवर एखादं पान एकदम ओरडतं, ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस! इथं क्लिक करा!’ अजिबात करू नका. त्या पानाला तुमच्या संगणकातलं काय कळणार? खरा निकाल तुमच्या अँटिव्हायरसमध्येच उघडून बघायचा.

आणि पहारेकरी कितीही चांगला असला, तरी मौल्यवान वस्तूंची वेगळी सोय हवीच. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’नं जगभरचे लाखो संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधल्या रुग्णालयांचंही काम अडलं. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. तो घ्यायचा राहून गेला, तिथं घात झाला. म्हणून प्रकल्पाच्या फायली, आजीआजोबांचे फोटो यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली, तर तिलाही कुलूप लागायचं!

आईबाबा, हा अर्ध्या तासाचा उद्योग मुलांना सोबत घेऊन कराच. आणि दोस्तांनो, वेळ लावून झाली, की पुढच्या रविवारी स्कॅन खरंच झाला का, त्याची तारीख बघायला विसरू नका. पहारेकऱ्याची हजेरी घ्यायचं काम आता तुमचं!